त्याच चौकटीकडे पुन्हा



प्रवाळ भित्तिकेची प्रकृती एका भेटीत कळत नाही आणि आपले बहुतेक संशोधन प्रकल्प मात्र दोन-तीन वर्षांत गुंडाळले जातात. या विसंगतीबद्दल मला आज बोलायचे आहे. त्यासाठी टेरी ह्यूज या सागरी परिस्थितिकी शास्त्रज्ञाचे काम आपल्यापुढे ठेवतो.

जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर, रिओ ब्युएनो येथे, १९७७ पासून समुद्रतळावरच्या एक-एक चौरस मीटरच्या ठरावीक चौकटींची छायाचित्रे घेतली जात होती. चौकटी त्याच, कॅमेऱ्याचे अंतर तेच. छायाचित्रावरून एकेका प्रवाळ वसाहतीची कड गिरवायची आणि तिचे क्षेत्रफळ मोजायचे. कोणती वाढली, कोणती फुटून दोन झाली, कोणती मेली, कुठे नवी रुजली, हे सगळे वर्षानुवर्षे टिपायचे. असल्या चिकाटीच्या कामाला टाळ्या पडत नाहीत, पण पुढचे सारे निष्कर्ष त्यावरच उभे राहिले.

तेव्हा ती भित्तिका पाहणाऱ्याला धडधाकटच वाटली असती. शेवाळ खाणारे मासे अतोनात मासेमारीने आधीच संपत आले होते. पण लांब काट्यांचे सी-अर्चिन शेवाळ खरवडत होते, त्यामुळे उणीव डोळ्यांवर आली नाही. १९८० मध्ये ॲलन चक्रीवादळाने प्रवाळांची मोडतोड केली. १९८३ मध्ये रोगाच्या साथीत सी-अर्चिनही गेले. मग शेवाळाला आवर घालणारे कोणी उरले नाही आणि ते प्रवाळांवर पसरले. निम्म्याहून अधिक तळ व्यापणारे जिवंत प्रवाळ पाच टक्क्यांच्याही खाली आले. ह्यूज यांचा यावरचा शोधनिबंध १९९४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. आधीची छायाचित्रे नसती, तर सगळा दोष वादळाच्या माथी मारून आपण मोकळे झालो असतो!

पुढे ऑस्ट्रेलियात २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत त्यांनी व सहकाऱ्यांनी विमानातून ग्रेट बॅरिअर रीफची पाहणी केली. नऊशेहून अधिक भित्तिका पाहिल्या, त्यांतल्या ९३ टक्के भित्तिकांवर विरंजन आढळले. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या ऊतींतले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात, पांढरे पडतात आणि अन्नाला मुकतात. उष्मा लवकर ओसरला तर ते सावरू शकतात. मला मात्र त्यानंतरची नोंद अधिक गंभीर वाटते. २०१८ मध्ये तिथे नव्याने रुजणाऱ्या प्रवाळ-पिल्लांची संख्या पूर्वीच्या मानाने ८९ टक्क्यांनी घटलेली दिसली. ‘पूर्वीच्या मानाने’ हे शब्द वापरता आले, कारण पूर्वी कोणीतरी मोजून ठेवले होते.

आपल्या किनाऱ्यावर काय? मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे. तिथल्या प्रवाळांचे विरंजन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. ते काम मोलाचे आहे, त्याला सातत्याची जोड हवी. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे पाण्याखाली पाहणी करणे अवघड. हंगाम उघडला की सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पर्यटकांची रीघ लागते. स्कूबा शिकवणारी स्थानिक मुले तेव्हा रोज पाण्याखाली उतरतात. कोणता खडक कुठे आहे हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांना प्रशिक्षण आणि योग्य मानधन मिळाले, तर तीच मुले आपले उत्तम निरीक्षक होतील, याविषयी मला शंका नाही.

म्हणून या परिषदेला माझी विनंती आहे. मालवणच्या तळावर कायमच्या चौकटी आखण्याचा ठराव आजच करावा, निदान दहा वर्षे त्यांची नोंद होईल एवढ्या निधीसाठी शासनाकडे पाठपुरावा करावा आणि प्रत्येक छायाचित्र सर्वांना खुले ठेवावे. ठराव मांडायला मी तयार आहे, अनुमोदन आपण द्यावे.