टोळधाड ते टायगर



हिंदी हेरपटांविषयी बोलायचं म्हटलं, की लोक एकदम टायगर, पठाण, वॉर अशी नावं घेतात. त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या भागांविषयी. मी मात्र सुरुवात मुरगूडच्या एका तंबूपासून करणार आहे. कारण हिंदी हेरपटाचा दुसरा भाग मी पहिल्यांदा पाहिला तो तिथं. पाहिला म्हणण्यापेक्षा दाखवला म्हणायला हवं. मी त्या वेळी सतरा वर्षांचा होतो आणि टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटरच्या हाताखाली रीळ गुंडाळायचं काम करत होतो.

आमचं मुरगूड कागल तालुक्यात, वेदगंगेच्या काठी. पहिल्या आठवड्यात पिक्चर बघायचा तर कोल्हापूर नाहीतर निपाणी गाठायची. ते सगळ्यांना परवडायचं नाही. सुगी आटोपली, गुऱ्हाळं थंडावली, की माळावर तंबू लागायचा. ताडपत्री, चारी बाजूंनी कनात, मधोमध दोरी बांधून एका अंगाला बायका आणि दुसऱ्या अंगाला पुरुष. खाली वाळू. अंधार पडल्याशिवाय खेळ नाही. जुन्या झालेल्या प्रिंटा आमच्याकडे दोन-तीन वर्षांनी यायच्या, त्यामुळे नायकाच्या अंगावर गोळीपेक्षा ओरखडेच जास्त असायचे. कनातीला भोक पाडून पडद्याच्या मागून फुकट बघणारी पोरंही असत. त्यांना सगळं उलटं दिसायचं. त्यांच्या लेखी हिंदी सिनेमातले सगळे हेर डावखुरे.

तर 1984 च्या उन्हाळ्यात आमच्या तंबूत ‘वारदात’ आला. आजच्या मुलांना हे नाव माहीत नसेल. 1979 साली मिथुन चक्रवर्तीचा ‘सुरक्षा’ आला होता. त्यात तो गनमास्टर जी-नाइन नावाचा गुप्तहेर. पिक्चर चालला, म्हणून 1981 मध्ये त्याचा पुढचा भाग काढला, तो ‘वारदात’. दोन्हींचे दिग्दर्शक रविकांत नगाइच. याच माणसानं 1967 साली जितेंद्रला एजंट 116 करून ‘फर्ज’ काढला होता. हिंदीत तेव्हा दुसरा भाग काढायची फारशी पद्धत नव्हती. आज एखाद्या पिक्चरचा दुसरा भाग जाहीर झाला नाही तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं, तेव्हा झाला तर नवल वाटायचं.

‘वारदात’ची गोष्ट अशी, की राक्षसी आकाराचे टोळ पिकं फस्त करतात आणि त्यामागचा कट शोधायला जी-नाइन निघतो. मुंबईच्या प्रेक्षकाला यात नाचगाणी आणि मारामारी दिसली असेल. आमच्या तंबूत बसले होते ऊस आणि तंबाखू करणारे शेतकरी. पडद्यावर टोळ आला आणि पुरुषांच्या बाजूनं एक म्हातारा उभा राहून ओरडला, ‘‘आरं, बघत काय बसलाय? डबं वाजवा, डबं!’’

सगळा तंबू हसला. पण त्यात एक जाणकारी होती. टोळधाड आली की शेतकरी डबे, थाळ्या, पत्रे बडवतो, धूर करतो. अलीकडं 2020 च्या मे महिन्यात अमरावती, नागपूरकडं टोळ आले तेव्हाही लोकांनी तेच केलं. म्हाताऱ्याला गनमास्टरच्या पिस्तुलावर विश्वास नव्हता, डब्यावर होता. दुसरा एकजण म्हणाला, ‘‘एवढा मोठा टोळ आमच्या बापजन्मात बघितला न्हाई, रबराचा हाय त्यो.’’ मला विचाराल तर ‘वारदात’चं याहून चांगलं परीक्षण कुणी लिहिलं नसेल.

पुढं जे झालं ते मात्र हसण्यासारखं नाही.

डब्याची गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या रात्री पोरं घरून तेलाचे डबे घेऊनच आली. टोळ पडद्यावर आले की असा गलका, की बाहेरच्या जनरेटरचा आवाज ऐकू येईना. मालक खूश, कारण डबे वाजवायला म्हणून लोक पुन्हा तिकीट काढत होते. पिक्चरकडं आता कुणाचं लक्ष नव्हतं. टोळ कधी येतो, एवढंच. मला वाटतं दुसऱ्या भागाची गंमत आणि खोट दोन्ही इथंच आहे. पहिला भाग बघताना माणूस ‘काय होणार’ म्हणून बसलेला असतो. दुसऱ्या भागात नायक मरणार नाही हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. मग तो ‘कधी येणार’ याची वाट बघतो. भीती संपली, की हात रिकामे राहतात. रिकाम्या हातांना काहीतरी हवं असतं.

तिसऱ्या रात्री कुणीतरी लवंगी फटाक्यांची माळ आणली.

आमच्या तंबूत एकच प्रोजेक्टर. दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालायचं, मग थांबून दुसरं चढवायचं. उजेड कार्बनच्या कांड्यांचा. दोन कांड्यांची टोकं जवळ आणली की मधे ठिणगीची ज्योत पेटते, ती सारखी सांभाळावी लागते. माझे वस्ताद, म्हणजे आमचे ऑपरेटर, त्या रात्री चहाला बाहेर गेले होते आणि मशीन माझ्या ताब्यात होतं. टोळ आला, डबे सुरू झाले, आणि बायकांच्या बाजूला, दोरीजवळ, लवंगी तडतडायला लागली.

भिंतीला, म्हणजे फळीला, दोन बटणं शेजारी शेजारी होती. एक मशीनचं, दुसरं तंबूतल्या दिव्यांचं. आधी दिवे लावायचे, मग मशीन बंद करायचं, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी घाबरून आधी मशीन बंद केलं. क्षणात काळोख. दुसरं बटण सापडायला किती वेळ लागला असेल? चार सेकंद, फार तर पाच. तेवढ्यात बायका दाराकडं धावल्या. दार एकच, तेही कनात बाजूला सारून केलेलं. परवान्याच्या अटीप्रमाणं वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या, पण त्यात लोक पान थुंकायचे.

ताडपत्री पेटली नाही. माळ छोटी होती, वाळूत विझली. कुणाचा जीव गेला नाही. आमच्याच गल्लीतल्या एक मावशी दारात पडल्या आणि त्यांच्या मनगटावरून दोन-तीनजणी गेल्या. हाड बसवणाऱ्यानं हाड बसवलं, ते वाकडंच बसलं. पुढं त्या म्हैस एका हातानं धार काढत. दुसरा हात नुसता चरवी धरायला.

गावानं फटाके उडवणाऱ्या पोरांना शिव्या घातल्या, एकाला चावडीजवळ चोप बसला. बटणाविषयी कुणी बोललं नाही. वस्तादांना कळलं होतं, त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘‘कुठलं आधी दाबलंस?’’ मी गप्प. ते परत कधी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मी कामाला गेलो नाही. मावशी आमच्या घरी ताकाचा तांब्या घेऊन येत राहिल्या, डाव्या हातात.

आता चाळीस वर्षं पुढं येऊ. 2023 ची दिवाळी. 12 नोव्हेंबर, रविवार, लक्ष्मीपूजन. त्याच दिवशी ‘टायगर 3’ लागला. 2012 चा ‘एक था टायगर’, 2017 चा ‘टायगर जिंदा है’ आणि त्यानंतरचा हा. सणाच्या दिवशी शक्यतो मोठा पिक्चर लावत नाहीत, कारण संध्याकाळी लोक पूजेत असतात. पण आमच्या पुतण्यानं आधीच रात्रीच्या खेळाची तिकिटं काढून ठेवली होती. पूजा आटोपून, लाह्या-बत्तासे खाऊन, आम्ही गाडीतून कोल्हापूरला निघालो. तो, त्याचे दोन मित्र आणि मी. मला का घेतलं? ‘‘नाना, तुम्ही तंबूवालं. चला, बघा तरी आता कसं असतंय.’’

वाटेत मागच्या सीटवर कुजबूज चालली होती. पुतण्याच्या खिशात दोन सुतळी बॉम्ब होते. सलमानच्या एन्ट्रीला नाही, शाहरुखच्या. शाहरुख पठाण म्हणून मधे येऊन टायगरला सोडवतो, हे पिक्चर लागायच्या आधीच सगळ्यांना माहीत होतं. जानेवारीत ‘पठाण’मध्ये सलमान येऊन गेला होता, आता याची फेड. म्हणजे पुन्हा तेच, ‘काय होणार’ नाही, ‘कधी येणार’.

मी रागावलो नाही. अंधारात, समोर रस्त्याकडं बघत, मी त्यांना 1984 ची गोष्ट सांगितली. टोळ, डबे, माळ. आणि पहिल्यांदाच कुणाला तरी बटणाचंही सांगितलं. सांगून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मित्र म्हणाला, ‘‘तिथं गेटवर तपासत्यात लेका, आत जातंय व्हय?’’ बॉम्ब गाडीच्या कप्प्यात राहिले. ते माझ्या बोलण्यानं राहिले की तपासणीच्या धाकानं, ते मी विचारलं नाही.

पिक्चर कसा होता हे मला विचारू नका. आवाज एवढा होता, की छातीत धडधड कुणाची ते कळेना. पण प्रेक्षक मी नीट पाहिला. टायगर आला तेव्हा शिट्ट्या झाल्या. शाहरुख आला तेव्हा मात्र अर्धं थिएटर उभं राहिलं आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. पडदा उघड्या डोळ्यांनी बघणारा एकही नाही, सगळे मोबाइलच्या काचेतून. आमच्या पडद्यामागच्या पोरांना निदान उलटं का होईना, पिक्चर दिसायचा.

शेवटी पाकिस्तानातल्या शाळकरी मुली टायगरसाठी आपलं राष्ट्रगीत वाजवतात, असा प्रसंग आहे. तिथं गोंधळ उडाला. पिक्चर सुरू होण्याआधीच्या राष्ट्रगीताची महाराष्ट्राला 2003 पासून सवय आहे. पण गोष्टीच्या आत आलं तर? सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं होतं, की कथेचा भाग म्हणून आलं तर उभं राहायची सक्ती नाही. ते तिथं कुणाला आठवणार? पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले, मग बायको, मग हळूहळू बरेचजण. काही बसून राहिले, ते खाली बघत. शिट्टी कुणी मारली नाही. दोन तासांच्या गदारोळात तेवढीच शांतता होती. माझ्या पुतण्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि उभा राहिला.

परत यायला रात्रीचे अडीच वाजले. पुढच्या दिवशी बातमी आली. त्याच रविवारी रात्री मालेगावच्या मोहन टॉकीजमध्ये पिक्चर चालू असताना प्रेक्षकांनी आतच फटाके आणि रॉकेट उडवले होते. लोक खुर्च्यांमधून वाट काढत पळताहेत, असे व्हिडिओ सगळीकडं फिरले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. सलमान खाननं स्वतः सांगितलं, की हे धोक्याचं आहे, इतरांना आणि स्वतःला जोखमीत न घालता पिक्चर बघा. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही.

मालेगावला नावं ठेवायचा माझा अधिकार नाही. यंत्रमागावर आठवडाभर कान किटवून घेणारी माणसं शुक्रवारी माग बंद ठेवून थिएटरात जातात. पिक्चरवर त्यांचा एवढा जीव, की ‘मालेगाव के शोले’ त्यांनी घरीच बनवला. अशा माणसांचं प्रेम मला परकं नाही. आमच्या तंबूत ‘जय संतोषी मां’ लागला तेव्हा लोक चपला बाहेर काढून येत आणि पडद्यावर नाणी, फुलं टाकत. ‘माहेरची साडी’ला बायकांचे पदर भिजत. प्रेक्षकानं काही करूच नये, पुतळ्यासारखं बसावं, असं म्हणणाऱ्यानं घरीच बसावं. पण नाणं आणि फटाका यात फरक आहे. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार थिएटरात ‘बॉर्डर’ चालू असताना आग लागली, 59 माणसं गेली. फटाका नव्हता, खालचा ट्रान्सफॉर्मर पेटला होता. बहुतेक जण जळून नव्हे, धुरानं गुदमरून गेले, कारण बाहेर पडायची वाट अडलेली होती.

पुतण्यानं मालेगावचा व्हिडिओ मला आणून दाखवला. आणला तेव्हा हसत होता. अर्ध्यात थांबवून त्यानं तो मागं घेतला, पुन्हा बघितला, आणि विचारलं, ‘‘नाना, हितं दिवे कुणी लावले न्हाईत?’’

मी म्हटलं, ‘‘आता केबिनमध्ये माणूस असतोच असं नाही. सगळं कॉम्प्युटरवर.’’

‘‘आणि त्या मावशी? त्यांना सांगितलासा काय कधी?’’

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा ताकाचा तांब्या अजून आमच्या फडताळात आहे. परत द्यायचा राहून गेला.