वार्धक्य आणि बुद्धीची शिदोरी

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या वयोवृद्धांच्या मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं आपण आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्या मंडळींचा सन्मान करीत आहों. सन्मान झाला, शाल खांद्यावर आली, कीं म्हाताऱ्या माणसाचें काम संपलें असें पुष्कळ घरांत समजण्यांत येतें. "बाबा, तुम्ही आतां स्वस्थ बसा," असें आपण मायेनेंच म्हणतों. परंतु या मायेंत एक धोका दडलेला आहे. त्याचाच विचार आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

वय वाढलें म्हणजे एखादें नांव चटकन् आठवत नाहीं, हें स्वाभाविक आहे. परंतु आपल्याच घराची वाट विसरणें, पोटच्या मुलांस न ओळखणें, हें केवळ वार्धक्य नव्हे. तो मेंदूचा विकार आहे. त्यास स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार डॉ. आल्झायमर या जर्मन वैद्यांच्या नांवानें ओळखला जातो. १९०६ सालीं त्यांनीं अशा एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूचें वर्णन केलें: पेशींच्या भोंवतीं चिकट पुटें बसलेलीं, आणि पेशींच्या आंत तंतूंच्या गुंतवळी झालेल्या.

या विकाराविषयीं पुढें एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली, व त्यास कारण झाल्या आपल्याच कॅथॉलिक धर्मभगिनी. १९८६ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड स्नोडन यांनीं मँकेटो येथील 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोट्र डॅम' यांच्या मठांत संशोधनास आरंभ केला. पुढें त्या संस्थेच्या निरनिराळ्या मठांतील ६७८ सिस्टर त्यांत सामील झाल्या. त्यांचीं वयें ७५ पासून १०२ पर्यंत होतीं. ठराविक काळानें स्मरणशक्तीची परीक्षा द्यावी, आणि मृत्यूनंतर आपला मेंदू शास्त्रज्ञांच्या स्वाधीन करावा, हें त्यांनीं मान्य केलें. ज्यांनीं जन्मभर मुलांस शिकविलें, त्यांनीं मरणानंतरही शिकविण्याचें व्रत सोडलें नाहीं. मठांत अन्न एक, निवारा एक, दिनक्रम एक. म्हणून एकीची बुद्धि शाबूत कां राहिली व दुसरीची कां ढळली, हें पारखणें सुलभ झालें.

त्यांपैकीं सिस्टर मेरी या नांवानें प्रसिद्ध झालेल्या एका भगिनीची हकीकत ऐका. त्यांनीं तरुणपणींच शिक्षिकेचें काम पत्करलें. हायस्कूलचा दाखला मात्र चाळिशी उलटल्यावर मिळविला. सत्तरी ओलांडल्यावरही त्या शिकवीत होत्या. १०१ वर्षांच्या होऊन त्या निवर्तल्या. अखेरपर्यंत परीक्षेंत त्यांचे गुण उत्तम असत. परंतु त्यांचा मेंदू तपासतां त्यांत पुटें व गुंतवळी विपुल आढळल्या! रोग घरांत शिरला होता, पण घरधनिणीचें कामकाज थांबलें नव्हतें.

हें कसें घडलें? शास्त्रज्ञ म्हणतात, मेंदूजवळ राखीव शक्ति असते. आपल्या वसईच्या वाडींतील पाण्याचा दाखला घ्या. जेथें एकच पाट आहे, तेथें तो बुजला कीं केळी सुकतात. जेथें अनेक पाट खणलेले आहेत, तेथें एक बुजला तरी पाणी वळसा घेऊन मुळांशीं पोहोंचतें. वाचन, हिशेब, गायन, हातांतील कला, चार माणसांत वावरणें, नवें काम शिकणें, यांनीं मेंदूंत असे पाट खणले जातात.

हें काम लहानपणींच सुरू होतें. त्याच संस्थेंतील ९३ भगिनींनीं ऐन तारुण्यांत लिहिलेलीं आत्मवृत्तें मठाच्या दप्तरांत जपून ठेविलेलीं होतीं. ज्यांच्या लिखाणांत विचारांची दाटी कमी होती, त्यांची बुद्धि वार्धक्यांत अधिक क्षीण झालेली आढळली, असें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. तें लिखाण दुबळेपणाचें कारण होतें कीं त्याचें पहिलें चिन्ह, याचा निर्णय एवढ्यावरून होत नाहीं. तथापि बालपणींचें शिक्षण उतारवयांत उपयोगी पडतें, हें इतर अनेक अभ्यासांतूनही दिसून आलें आहे.

मग ज्यांस शाळेचें दार दिसलें नाहीं, त्यांनीं निराश व्हावें काय? मुळींच नाहीं. हैदराबादेस डॉ. सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ सालीं तो प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांस हा विकार सुमारें साडेचार वर्षें उशिरां जडल्याचें दिसलें. आणि निरक्षरांतही हा फरक आढळला. आपल्या आजीबाई घरीं सामवेदी किंवा वाडवळी बोलल्या, देवळांत मराठींत प्रार्थना केली, आणि भाजीची पाटी घेऊन मुंबईच्या बाजारांत हिंदी-गुजरातींत भाव केला. त्यांस अडाणी म्हणतांना आपण जीभ आवरावी.

मात्र ही शिदोरी म्हणजे अभेद्य तट नव्हे. ती रोगाचा परिणाम लांबविते. रोग बरा करीत नाहीं. त्या मठांतही तितक्याच उद्योगी, तितक्याच प्रार्थनाशील अशा कित्येक भगिनींस स्मृतिभ्रंश झालाच. म्हणून कोणाच्या आईस हा विकार जडल्यास, "डोकें चालविलें नाहीं म्हणून असें झालें," हें बोलणें अन्यायाचें व निर्दयतेचें आहे.

शिवाय बुद्धीबरोबर शरीरही राखिलें पाहिजे. ज्या भगिनींच्या मेंदूंत रक्तवाहिन्या तुंबून लहान घाव पडले होते, त्यांच्यांत हा रोग अधिक प्रकट झाला. यास्तव रक्तदाब व मधुमेह आटोक्यांत ठेवावे, तंबाखू सोडावा, ऐकूं कमी येत असल्यास लाज न धरितां कानाचें यंत्र लावावें. २०२४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानें अशीं १४ कारणें सांगितलीं. एकाकीपणा हेंही त्यांपैकींच एक. हीं सर्व दूर करतां आलीं, तर सुमारें ४५ टक्के रुग्णांचा विकार टळेल वा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे.

तेव्हां वडील मंडळींनो, स्वस्थ बसूं नका. नातवंडांस गोष्टी सांगा, नवें गीत शिका, शेजारीं जाऊन बसा. आणि तरुणांनो, आजीला जुनीं लग्नगीतें म्हणावयास सांगा व तीं लिहून घ्या. वाडीच्या कामांत आजोबांचा सल्ला विचारा, आणि तो मानाही. मुलांचें, विशेषतः मुलींचें शिक्षण अर्ध्यावर तोडूं नका. त्यांच्या म्हातारपणाची तरतूद आजच होत आहे.

आणि ज्यांची स्मृति हरपली आहे, ज्यांस आज या मांडवांत आणतां आलें नाहीं, त्यांच्या घरीं या महोत्सवाचा प्रसाद घेऊन आपण स्वतः जाऊं या. ते आपलीं नांवें विसरले असतील. आपण त्यांचीं नांवें विसरूं नयें. परमेश्वर तर कोणासच विसरत नाहीं. त्याचा आशीर्वाद आपणां सर्वांवर असो.