डॉक्टर सापडला, उपचार सापडला का?



मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या आपल्या या अधिवेशनात अध्यक्षाने शास्त्राच्या प्रगतीचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो आढावा उद्याचे वक्ते माझ्यापेक्षा चांगला घेतील. मी एकाच आजाराबद्दल आणि त्यातल्या एकाच अडचणीबद्दल बोलणार आहे. ओसीडीच्या, म्हणजे ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डरच्या, रुग्णाला आपल्या महाराष्ट्रात उपचार सापडतो का? डॉक्टर सापडतो की नाही, हा निराळा प्रश्न.

नको ते विचार पुन्हापुन्हा येणं आणि त्यांच्या धास्तीने त्याच त्या कृती करत राहणं, असा हा आजार बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो, पुष्कळांना तर शाळेतच गाठतो. उपचार सुरू होतात ते बऱ्याच वर्षांनी. मधली वर्षं जातात कुठे? काही त्वचारोगतज्ज्ञाकडे जातात. साबणाने हातांची सालं निघालेली असतात, बोटांच्या बेचक्यांत भेगा असतात. मलम मिळतं, पण दिवसातून किती वेळा हात धुता, हे कुणी विचारत नाही. काही वर्षं देवरुषी आणि ग्रहशांतीत जातात. बरीचशी घरातच जातात. एखाद्या आजींचा आजार ‘फार कडक सोवळं आहे हो त्यांचं’ या कौतुकाखाली जन्मभर झाकलेला राहतो. तरण्या मुलाच्या बाबतीत ‘मंत्रचळ लागलाय’ म्हणून विषय संपवतात.

धुणं निदान दिसतं तरी. न दिसणारा ओसीडी जास्त वर्षं खातो. ओल्या बाळंतिणीच्या मनात एकाएकी येतं, हातातल्या सुरीने आपण बाळाला काही केलं तर? ती सुऱ्या कुलपात ठेवते, बाळाजवळ एकटी थांबेनाशी होते. देवघरात बसलेल्या माणसाच्या मनात मूर्तीकडे पाहताना अर्वाच्य शब्द येतात. तो पूजा पहिल्यापासून सुरू करतो, पुन्हा, आणि पुन्हा. कुणाच्या मनात नात्यातल्या माणसाबद्दल लैंगिक चित्रं उमटतात. हे सांगायचं कुणाला? सांगितलं तर बाळ काढून घेतील, आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, ही धास्ती. अशा विचारांना भ्रम समजून स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या सुरू केलेल्या फायली आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत, तेव्हा ती धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. बाळंतपणानंतरचा सायकोसिस आणि ओसीडी यांतला फरक ओळखणं हे आपलं काम आहे. ओसीडी असलेल्या बाईला तो विचार नकोसा असतो, त्याची किळस येते, आणि ती तसं वागत नाही. एवढं तिला पहिल्याच भेटीत सांगितलं, तर निम्मी लढाई तिथेच होते. पण त्यासाठी आधी आपण विचारायला हवं. ती आपणहून सांगत नाही.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण ती बाजू त्यातल्या त्यात बरी आहे. क्लोमिप्रामिन जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन ही औषधं दुर्मीळ नाहीत की महागडीही नाहीत. कमी पडतो तो धीर. नैराश्याला पुरणारी मात्रा ओसीडीला बहुधा पुरत नाही आणि औषधाचा कस लागायला दहा ते बारा आठवडे द्यावे लागतात. चौथ्या आठवड्यात ‘गुण नाही’ म्हणून आपण गोळी बदलतो, जोडीला अल्प्राझोलाम देऊन टाकतो. तिसऱ्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत फायलीत सहा औषधं झालेली असतात आणि त्यांतलं एकही पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस दिलेलं नसतं.

खरा दुष्काळ आहे तो दुसऱ्या उपचाराचा. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. ज्याची भीती त्याच्याशी मुद्दाम गाठ घालून द्यायची आणि त्यानंतरचं धुणं, तपासणं, मनातल्या मनात म्हणणं थांबवायचं, असा तो प्रयोग होता. आज आपण त्याला ईआरपी, म्हणजे एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणतो. रुग्णाबरोबर बसून भीतीच्या पायऱ्या मांडायच्या. पहिल्या पायरीवर स्वतःच्या चपलेला बोट लावायचं, वरच्या पायरीवर एसटी स्टँडवरच्या संडासाच्या कडीला. हात लावायचा आणि धुवायचा नाही. घाम फुटतो, छाती धडधडते. तसंच थांबून राहिलं की धास्ती आपली आपण उतरू लागते. एखाद्या दिवशी नाही उतरली, तरी ती सोसता येते हे माणूस शिकतो. साधारण बारा ते वीस बैठका आणि मधल्या दिवसांत रोजचा गृहपाठ.

हे टेबलामागे बसून होत नाही. आधी चिकित्सकाला चपलेला हात लावावा लागतो. आपल्यातले अनेकजण समुपदेशन म्हणून जे करतात, तो नुसता दिलासा असतो: ‘काही होणार नाही, विचार करू नका.’ या आजारात दिलाशाचा परिणाम तासभर टिकतो, मग तो पुन्हा मागितला जातो. रुग्णाची आई दिवसभर तेच फुकट देत असते. आपण फी घेऊन देतो. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, ती माणसं थकलेली असतात. नवरा दारातच कपडे बदलतो, मुलं दप्तरं गॅलरीत ठेवतात, सासरे गॅस बंद असल्याची ग्वाही देत राहतात. शांततेसाठी केलेल्या अशा प्रत्येक तडजोडीने आजार आणखी एक खोली व्यापतो. म्हणून घरच्यांना बैठकीला बोलवायलाच हवं.

मग हा उपचार शोधायचा कुठे? बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. मुंबई-पुण्यात, खिशात पैसे असले तर, तयार चिकित्सक मिळतो. हिंगोलीच्या, गडचिरोलीच्या माणसाने काय करायचं? ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं त्याच्या गरजेची नाहीत. त्याला सहसा दाखल व्हायचंच नसतं, त्याला आठवड्याला एक तास हवा असतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या बारा राज्यांत निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. आपली स्थिती फार निराळी असेल, असं मानायला मला कारण दिसत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा द्यायला सांगितलं; पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झालेल्यालाच पैसे देतात. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या वीस बैठकांचा खर्च घरच्यांच्याच माथी.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या प्रत्येक पथकात ईआरपी येणारा एक तरी माणूस हवा, अशी माझी मागणी आहे. तो मानसशास्त्राचा असो, समाजकार्याचा असो की परिचर्येचा. हे काम कुणाच्या अखत्यारीतलं, यावर आपल्या संघटना जे भांडतात, त्याचा रुग्णाला काडीचा उपयोग नाही. ईआरपी व्हिडिओवरूनही करता येते. उलट त्यात रुग्णाचा स्वतःचा नळ, स्वतःच्या दाराची कडी समोर असते. भीती राहते तिथेच काम होतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. ‘नको असलेले विचार येतात का?’ हा प्रश्न तिथल्या समुपदेशकांनी न लाजता विचारावा, यासाठी त्यांना शिकवण्याचं काम आपण अंगावर घेऊ शकतो.

सभागृहात काही रुग्ण आणि नातेवाईकही आहेत. त्यांनी डॉक्टरला बेलाशक विचारावं: तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का? करत नसाल तर कुणाकडे पाठवाल? आणि असं विचारलं म्हणून आपल्यापैकी कुणी रागावू नये.

उद्या सकाळी सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. ईआरपी कोण करतं, कोणत्या वारी, किती फी घेऊन, याची जिल्हावार यादी आपण तयार करावी आणि ती प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मराठीत लावावी. ज्यांना हा उपचार येतो त्यांनी सभेनंतर नावं द्यावीत. ज्यांना येत नाही त्यांनी प्रशिक्षणासाठी नावं द्यावीत. दोन्ही वह्या नोंदणीच्या टेबलावर ठेवलेल्या आहेत.