छिन्नमनस्कता : उपचार, वाटचाल आणि आपले कर्तव्य

(गडमुडशिंगी येथे वर्षावासानिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाचा विषय कोणता, असे कार्यकर्त्यांनी विचारले तेव्हा आम्ही ‘स्किझोफ्रेनिया’ असे सांगितले. दोघे-तिघे एकमेकांकडे पाहू लागले. एकाने विचारलेच, “हा डॉक्टरांचा विषय. तुम्ही बँकेतले, त्यातून कला शाखेचे पदवीधर. तुम्ही काय सांगणार?” प्रश्न रास्त आहे. कोणाला कोणती गोळी द्यावी हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण हा आजार ज्या घरात शिरतो ते घर आपल्याच गल्लीत असते. त्या घराशी कसे वागायचे हे डॉक्टर ठरवीत नाहीत, आपण ठरवतो. म्हणून हे धाडस.

प्रथम आमची स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या खिडकीवर एक गृहस्थ पैसे काढायला आले. तरुणपणी ते रस्त्याने एकटेच बोलत हिंडत, हे आम्हांला माहीत होते. पुढे उपचार झाले आणि ते एका दुकानात हिशेब लिहू लागले. त्यांनी स्लिप व्यवस्थित भरली होती, सही जुळत होती. तरी आम्ही विचारले, “बरोबर घरचं कोणी आलंय का?” त्यांनी काही न बोलता पैसे घेतले आणि ते गेले. त्या दिवसापासून ते शेजारच्या रांगेत उभे राहतात, ती रांग कितीही लांब असली तरी. आजचे भाषण त्या रांगेकडे पाहून तयार झाले आहे.

हा आजार म्हणजे काय? १९०८ साली स्वित्झर्लंडमधील डॉ. ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द रूढ केला. मराठीत आपण छिन्नमनस्कता म्हणतो. नाटक-सिनेमांमुळे असा समज आहे की यात एका माणसाची दोन माणसे होतात. तसे नाही. रुग्णाला कोणी नसताना आवाज ऐकू येतात, आपल्यावर कोणी पाळत ठेवून आहे अशी खात्री वाटते, विचारांची सांगड सुटते. पुढे तो अंघोळ टाळतो, गप्प बसतो, कामाची उमेद हरवतो. घरचे त्याला आळशी म्हणतात. वस्तुतः तेही आजाराचेच लक्षण असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे तीनशे माणसांत एकाला हा आजार असतो. बहुधा तो ऐन तारुण्यात, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्न यांच्या उंबरठ्यावर सुरू होतो.

कारण एकच एक नाही. आनुवंशिकतेचा भाग आहे, मेंदूतील रासायनिक घडामोडींचा आहे, परिस्थितीच्या ताणाचाही आहे. गांजामुळे धोका वाढतो, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. मात्र आईने नीट वाढवले नाही म्हणून हा आजार झाला, असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. करणी, भानामती, बाहेरची बाधा यांचा तर याच्याशी काडीचाही संबंध नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धिप्रामाण्याचा मार्ग दिला. तरीही आपल्यातल्याच काही घरांतून रुग्णाला आधी देवऋषाकडे नेले जाते आणि दवाखाना दोन वर्षांनी आठवतो, हे आपण आपसांत तरी कबूल केले पाहिजे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. पंचवीसहून अधिक जण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आता रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे.

आता उपचारांकडे वळू. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना दिले आणि या आजाराच्या उपचारांचे नवे पर्व सुरू झाले. त्यानंतर अनेक औषधे आली. ज्यांना इतर औषधांचा गुण येत नाही अशांपैकी काहींना क्लोझापिन उपयोगी पडते, हे १९८८ साली अमेरिकेत दाखवले गेले. मात्र त्यासाठी रक्त नियमित तपासावे लागते. रोज गोळी घेणे जमत नसेल तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायचे इंजेक्शनही मिळते.

बहुतेक घरांची गाडी कोठे अडते? रुग्णाला बरे वाटू लागले की गोळ्या बंद होतात. “आता काय झालंय त्याला, चांगला तर आहे,” असे म्हणतात. याबाबत एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पासष्ट चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात शंभरात २७ जणांचा आजार उलटला. औषध थांबवून नुसती बिनऔषधी गोळी दिलेल्यांपैकी ६४ जणांचा उलटला. म्हणजे औषधाने धोका संपत नाही, पण निम्म्याहूनही कमी होतो. औषधांचे त्रासही आहेत. वजन वाढते, साखर वाढते, हात कापतात, झोप येते. रुग्ण तक्रार करतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. ती तक्रार डॉक्टरांपुढे मांडावी. औषध कमी करायचे की बदलायचे ते त्यांच्या देखरेखीखाली ठरावे. इंग्लंडमध्ये देखरेखीखाली औषध हळूहळू कमी करून पाहिले गेले. २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले. तेथेही औषध कमी केलेल्यांत आजार उलटण्याचे प्रमाण जास्त निघाले. मग आपण परस्पर गोळ्या बंद करणे किती धोक्याचे!

मुख्य प्रश्न राहतो तो पुढच्या आयुष्याचा. आईबाप विचारतात, “याचं पुढं काय होणार?” शंभर वर्षांपूर्वीचे उत्तर निराशेचे होते. हा आजार म्हणजे ऐन तारुण्यात लागलेली उतरती कळा, असे मानले जाई. पण संशोधकांनी रुग्णांचा वर्षानुवर्षे माग ठेवला तेव्हा वेगळे चित्र दिसले. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात इस्पितळातून घरी सोडलेल्या, वर्षानुवर्षे आजारी असलेल्या रुग्णांना तीन दशकांनंतर शोधून काढले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निम्म्याहून अधिक जण बऱ्यापैकी सुधारलेले किंवा बरे झालेले आढळले. मात्र लक्षणेही गेली आणि संसार-कामधंदाही नीट चालू आहे, अशी कडक कसोटी लावली तर प्रमाण खाली येते. जगभरच्या अभ्यासांचा २०१३ सालचा आढावा सांगतो की असे पूर्ण बरे होणारे सुमारे सातांत एक असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पूर्ण बरे होणारे थोडे, पण सुधारून माणसांत राहू शकणारे पुष्कळ.

आपल्या देशाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत मोठा अभ्यास सुरू केला. त्यात आपल्याकडील आग्रा हे केंद्र होते. पाश्चात्त्य शहरांपेक्षा आग्र्यासारख्या ठिकाणचे रुग्ण पुढे अधिक चांगले राहिले, असे त्यात आढळले. यावरून आपली एकत्र कुटुंबपद्धती श्रेष्ठ, अशी पाठ थोपटून घेण्याची आपल्याला सवय लागली. २००८ साली भारतीय आणि परदेशी तज्ज्ञांनीच या समजुतीवर प्रश्नचिन्ह उभे केले, हे आपण विसरतो. चेन्नईच्या डॉ. आर. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वद रुग्णांचा १९८० च्या दशकाच्या आरंभापासून दोन दशकांहून अधिक काळ पाठपुरावा केला. सतत आजारी राहिलेले त्यात थोडेच. बहुतेकांची वाटचाल चढ-उतारांची होती. पण काहींनी आत्महत्याही केल्या. लग्न मोडून माहेरी परत आलेल्या रुग्ण स्त्रियांची दैनाही त्यांनी नोंदवली आहे; त्यांपैकी बहुतेकींना पोटगीसुद्धा मिळाली नव्हती. “लग्न लावून द्या, सुधारेल,” असे सांगणाऱ्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी हे जरूर ऐकावे. लग्न हा उपचार नव्हे, आणि आजार लपवून केलेले लग्न हा दोन घरांवरचा अन्याय आहे.

घरातील वागणुकीचाही अभ्यास झाला आहे. चंदीगडच्या अभ्यासात लंडनपेक्षा आपल्याकडील नातेवाईक रुग्णावर कमी टीका करताना आढळले. परंतु ज्या घरात वैरभाव होता तेथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक होते. टोमणा हाही आजाराला खतपाणी घालतो.

आता अगदी जवळचे उदाहरण. आपल्या शेजारच्या साताऱ्यात, तसेच गोवा आणि तामिळनाडूत २८२ रुग्णांवर एक चाचणी झाली. त्यात रुग्ण घेतले ते २००९ आणि २०१० या वर्षांत. सर्वांना दवाखान्यातील उपचार होतेच. त्यांपैकी १८७ जणांच्या घरी प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्तेही जात. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. गोळ्या चालू आहेत ना ते पाहणे, घरच्यांना आजार समजावणे, रुग्णाला पुन्हा कामाकडे वळवणे, हे त्यांचे काम. वर्षअखेर या रुग्णांची लक्षणे आणि परावलंबन दोन्ही कमी झाले. फरक माफक होता, आणि तो मुख्यतः तामिळनाडूच्या ग्रामीण भागात दिसला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २०१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यातून एवढे निश्चित कळते की साधा माणूसही या कामात उपयोगी पडतो. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. ते कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. पत्नीच्या आजाराने त्यांना या कामाकडे आणले. त्या वर्तुळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. ‘वेडा’ या शब्दाऐवजी हे शब्द आपल्याही तोंडी रुळावेत.

बंधूंनो, विहारात हा विषय का घेतला ते आता सांगतो. विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीगत आहे. त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले होते. उपोसथाची त्याला कधी आठवण राही, कधी राहत नसे. कधी येई, कधी येत नसे. भगवंतांनी त्याला संघातून काढले नाही. गग्ग येवो वा न येवो, त्याला आठवो वा न आठवो, संघाने आपले कार्य करावे आणि त्याला दोषी धरू नये, अशी तरतूद त्यांनी केली. पुढे गग्ग बरा झाला. पण काही भिक्खू जुन्या गोष्टी उकरून त्याला टोचू लागले. भ्रमावस्थेत केलेले आता आठवत नाही, असे तो परोपरीने सांगे. तरी ते थांबेनात. तेव्हा भगवंतांनी ‘अमूढविनय’ हा विधी घालून दिला. भ्रमातून बाहेर आलेल्याने संघापुढे तशी विनंती करावी, संघाने ती मान्य करावी आणि मग तो विषय कायमचा मिटावा.

एवढ्या प्राचीन काळी या आजाराचे दोन टप्पे किती नेमके ओळखले गेले पाहा. आजार असताना माणसाची जागा राखायची, आणि तो बरा झाल्यावर मागचे काढायचे नाही. हा दुसरा भाग अधिक कठीण आहे. औषध डॉक्टर देतील, पण अमूढविनय शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच पाळायचा असतो. आम्ही त्या खिडकीत बसून तो मोडला.

म्हणून मंडळाला आणि विद्यार्थ्यांना आमच्या चार सूचना आहेत. एक, लक्षणे दिसताच रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. पहिली शंका विचारायला १४४१६ हा शासनाचा टेलि-मानस दूरध्वनी आहे. दोन, ज्या घरात असा रुग्ण आहे तेथे मंडळाच्या दोघांनी महिन्यातून एकदा जावे आणि औषध आणायला सोबत करावी. तीन, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्राचे कागद भरायला शिकलेल्या मुलांनी मदत करावी. चार, सुधारलेल्या माणसाला काम द्यावे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब लिहायला दिला तरी चालेल.

आम्ही स्वतः काय करणार, असे कोणी विचारील. ते गृहस्थ पुन्हा शेजारच्या रांगेत दिसतील तेव्हा आम्ही उठून जाऊ, क्षमा मागू आणि त्यांना आपल्या खिडकीवर बोलावू. ते येतील की नाही हे त्यांच्या हाती. बोलावणे आमच्या हाती आहे.

 नमो बुद्धाय. जयभीम.