छत्तीस माणसांची नौका
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील सभेत केलेले भाषण)



युद्धनौकांच्या प्रतिकृती करण्याचा छंद पोरकट, किंबहुना युद्धाचे कौतुक करणारा आहे, असा आक्षेप माझ्यावर अनेकदा घेतला जातो. त्याचे उत्तर आज एका लहानशा नौकेच्या साक्षीने देण्याचा माझा विचार आहे.

ही नौका म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन 'एल.सी.व्ही.पी.', अर्थात हिगिन्स बोट. इटलीच्या इटालेरी कंपनीने ३५ पटींनी लहान असा तिचा प्लॅस्टिकचा संच काढलेला आहे. मूळ नौका सुमारे ३६ फूट लांब; प्रतिकृती जेमतेम एक फूट भरते. सुटे भाग कापावेत, कानशीने घासावेत, चिकटवावेत, रंगवावेत. यात महिना-दीड महिना सहज जातो.

तळ जोडताना प्रथम जाणवते ते तिचे उथळपण. न्यू ऑर्लिन्सचे अँड्र्यू हिगिन्स मूळचे लाकडाचे व्यापारी. लुइझियानाच्या दलदलीत हिंडणाऱ्या शिकाऱ्यांसाठी व तेल शोधणाऱ्यांसाठी त्यांनी अशी होडी बांधली, की जी उथळ पाण्यात चालावी, काठावर चढावी आणि पुन्हा सुखरूप मागे सरावी. पंखा तळाच्या पन्हळीत दडवल्यामुळे तो ओंडक्यांत अडकत नसे. तीच होडी पुढे युद्धावर गेली.

पुढच्या दाराची कल्पना मात्र परक्यांकडून आली. १९३७ साली शांघायजवळ जपानी नौकांना खाली पडणारे दार असल्याचे व्हिक्टर क्रुलाक या तरुण अमेरिकन अधिकाऱ्याने टिपले व छायाचित्रे धाडली. ती बराच काळ दप्तरातच पडून राहिली. १९४१ मध्ये हिगिन्सनी तसे दार आपल्या नौकेस बसवले. तोवर सैनिकांना काठावरून उड्या टाकाव्या लागत.

दार पोलादी, उरलेली नौका बहुतांशी प्लायवूडची. अशा वीस हजारांहून अधिक नौका बांधल्या गेल्या. एकेकीत ३६ सैनिक आणि चार खलाशी. ६ जून १९४४ रोजी त्या नॉर्मंडीच्या किनाऱ्याला लागल्या. १९४५ च्या जानेवारीत आराकानच्या रामरी बेटावर २६ व्या भारतीय डिव्हिजनचे जवानही उतारनौकांतूनच उतरले.

दार बसवले त्या दिवशी माझा दहा वर्षांचा नातू जवळ होता. निराळे आणलेले, पाच सेंटिमीटर उंचीचे सैनिक त्याने आत दाटीवाटीने उभे केले, दार पाडले आणि क्षणभर थांबून विचारले, "आजोबा, दार पडल्यावर लपायचं कुठे?"

मजजवळ उत्तर नव्हते. किनारा येईपर्यंत जे दार गोळ्या अडवी, तेच किनारा येताच माणसांना गोळ्यांपुढे उघडे करी. सुकाणूवरच्या खलाशाला तर दार उचलून परत जायचे असे, आणखी ३६ जण आणावयास.

त्या दिवसानंतर नातवाने त्या नौकेशी लढाई खेळलेली नाही. लाखांचे आकडे वाचून मन बधिर होते. छत्तीस माणसे मात्र मोजता येतात. मुलांपासून युद्ध लपवण्यापेक्षा ते त्यांना खऱ्या मापात दाखवावे, एवढेच माझे आक्षेपकांना नम्र सांगणे आहे.