सूर्यास्तापूर्वीचे ताट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात आरोग्यावर बोलण्याची आज्ञा झाली. विषय आतड्यांचा आहे. परंतु ज्या समाजाने 'केव्हा खावे' आणि 'किती खावे' या प्रश्नांना व्रताचे स्थान दिले, त्याच्यासमोर तो मांडताना संकोच वाटत नाही.

आतडे म्हणजे अन्न पुढे ढकलणारी केवळ नळी नव्हे. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांना लहान आतड्यातून रक्तात मिसळणारे 'सिक्रेटिन' सापडले आणि संप्रेरकांचे शास्त्र आतड्यापासूनच उभे राहिले. आज त्यांपैकी दोघांचीच ओळख करून घेऊ. जठर रिकामे असता 'घ्रेलिन' वाढते व मेंदूला भुकेचा निरोप देते. अन्न आतड्यात उतरले की 'जीएलपी-१' स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावते, जठर सावकाश रिकामे होऊ देते आणि 'आता पुरे' असे सांगते. मधुमेह व वजनासाठी सध्या गाजणारी काही इंजेक्शने याच जीएलपी-१ ची नक्कल आहेत.

कंबरेचा वाढता घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि घटलेले चांगले कोलेस्टेरॉल या पाचांपैकी तीन दोष एकत्र आले की त्यास मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडे कंबरेची मर्यादा पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर धरतात. 'मी तर सडपातळ आहे' असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे व लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी अशी लपून राहते.

आता चौविहाराकडे वळू. २०१८ साली अमेरिकेतील एका प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींना पाच आठवडे दुपारी तीनच्या आत दिवसाचे सर्व जेवण दिले. वजन विशेष न घटताही इन्सुलिनचे कार्य सुधारले, रक्तदाब उतरला. हे ऐकून आपली छाती फुगेल. पण प्रयोगात होते फक्त आठजण, आणि आठही पुरुष. रात्रिभोजनत्यागाचा हेतू अहिंसा व संयम हा आहे; त्याला प्रयोगशाळेच्या शिफारसपत्राची गरज नाही आणि असे पत्र मिळाले म्हणून ताटात काहीही चालते असेही नाही.

स्त्रियांविषयी मला अधिक बोलावयाचे आहे. मासिक पाळी चालू असेतो स्त्रीचे जठर पुरुषापेक्षा सावकाश रिकामे होते. पाळी गेल्यावर पोटाभोवतीची चरबी वाढू लागते. डेन्मार्कमधील सुमारे दीड हजार व्यक्तींच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाकडे झुकलेल्या वा मधुमेही स्त्रियांत ग्लुकोज प्यायल्यावर स्रवणारे एकूण जीएलपी-१ निरोगी स्त्रियांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी आढळले. पुरुषांत ही तूट तितकी ठळक नव्हती. म्हणजे 'पुरे' हा निरोपच क्षीण. आणि आपल्या घरात काय घडते? सूर्यास्ताला दहा मिनिटे उरली असताना सर्वांना वाढून झालेली गृहिणी उरलेली पोळी व भात घाईने संपवते. डाळ-उसळ तोवर संपलेली असते. प्रथिनांनी घ्रेलिन अधिक काळ दबलेले राहते, तृप्तीची संप्रेरके वाढतात. नेमके तेच तिच्या वाट्याला येत नाही. ही गोष्ट धर्माने सांगितलेली नाही, आपण लावून घेतलेली आहे.

उपाय घरातलेच आहेत. आधी भाजी व डाळ, मग पोळी-भात, या क्रमाने जेवल्यास साखर कमी चढते. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य असेल तेव्हा मूग-मटकीचे प्रमाण वाढवावे. आणि गृहिणीने सर्वांसोबत पानावर बसावे. वाढण्याचे काम मुलांनी करावे.

नीरा डाव्या कालव्याने आपला हा प्रदेश उसाचा केला. वालचंदनगर तर शेठ वालचंद हिराचंद यांच्या साखर उद्योगातून उभे राहिले. त्यातच भगवान ऋषभदेवांचे पारणे इक्षुरसाने झाले, म्हणून अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाचे पारणे आपण उसाच्या रसाने करतो. ते अवश्य करावे. पण ग्लासभर रसात पाच-सहा चमचे साखर सहज असते आणि उपवासानंतर ती झपाट्याने रक्तात उतरते. मधुमेही तपस्व्याने दोन घोट भावपूर्वक घ्यावेत, मग मुगाचे पाणी. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी तपास आरंभ करण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. उपवासात साखर एकाएकी उतरणे हाही धोका आहे.

विश्वस्तांना एक विनंती. पुढील आरोग्य शिबिरात वजनकाट्याशेजारी मोजपट्टी ठेवावी, ती हाताळण्यास भगिनी असाव्यात, आणि शिबिराची वेळ स्वयंपाकाची नसावी.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.