देवासचा गवई, इंदूरचा संपादक



वर्तमानपत्र आणि गाणे सकाळच्या चहाबरोबर एकाच घरात नांदत असले, तरी त्यांचे स्वभाव एकमेकांस मानवणारे नाहीत, असा सार्वत्रिक समज आहे. राजकारणाची बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. एखादी बंदिश मात्र वर्षानुवर्षे मनात मुरत राहते. माळव्यातील एका मित्रमेळ्याने हा समज आपल्या वागण्यानेच खोटा ठरविला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत त्याची आठवण काढणे अप्रस्तुत ठरू नये.

राहुल बारपुते हे इंदूरच्या ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे दीर्घकाळ संपादक. घरची भाषा मराठी, लेखणी हिंदी. १९४७ साली निघालेल्या या पत्रातच राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी हे हिंदी पत्रकारितेतील दोन मोठे संपादक घडले. बारपुत्यांच्या स्नेह्यांमध्ये मात्र पत्रकारितेबाहेरची माणसे होती: चित्रकार विष्णू चिंचाळकर, रंगकर्मी बाबा डिके आणि गायक कुमार गंधर्व. चिंचाळकर गुरुजी वाळलेल्या पानांतून आणि काटक्यांतून चित्रे घडवीत. दिवसभर मंत्र्यांची निवेदने वाचणाऱ्या माणसाला वाळके पान निरखून पाहायला लावणारा मित्र असावा, हे खरे तर त्याच्या वाचकांचेच भाग्य.

कुमार गंधर्व मूळचे बेळगावजवळच्या सुळेभावीचे. मातृभाषा कन्नड, गायनाची तालीम मुंबईत देवधर मास्तरांकडे. १९४८ च्या जानेवारीत क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत ते हवापालटासाठी देवासला आले. लहानपणीच मैफली गाजविलेल्या या गायकावर पुढे काही वर्षे गाण्याची बंदी आली. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवे होते. त्याने आणि पत्नी भानुमतींच्या शुश्रूषेने ते वाचले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी माळव्याची लोकगीते येत. त्या धुनांच्या गर्भात रागांची बीजे आहेत, हे त्यांना या सक्तीच्या मौनातच उमगले. पुढे ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’ यांसारखे कार्यक्रम त्यातूनच उभे राहिले. अर्ध्या श्वासावर उभारलेल्या या गायकीचे नवल सर्वांना वाटते. परंतु गाता येत नसतानाही ज्याचे ऐकणे थांबले नाही, त्या कानाचे कौतुक त्याहून अधिक व्हायला हवे.

राजकारण या घराच्या उंबऱ्याबाहेर थांबले, असेही नाही. ज्या महिन्यात कुमार देवासला आले, त्याच महिन्यात दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी ‘गांधी मल्हार’ हा राग बांधला. जयंतीच्या दिवशी भाषणे पुष्कळ होतात. एखाद्या माणसाचा स्वभाव स्वरांत कसा उतरवावा, हा प्रश्न मात्र फारच थोड्यांना पडतो.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. काय छापावे हे सरकार ठरवू लागले, तेव्हा ‘नई दुनिया’ने संपादकीयाची जागा कोरी सोडली. सरकारी जाहिरातींवर आणि कागदाच्या कोट्यावर दैनिके चालत असताना ते कोरेपण सोपे नव्हते. त्या जागेत स्तुतिपर चार ओळी घालणे सर्वांत सोयीचे होते. एखादा निरुपद्रवी विषय निवडणे त्याहूनही सोयीचे. कुमारांच्या गाण्यात दोन स्वरांमधली शांतता स्वरांइतकीच बोलते. असे गाणे इतक्या जवळून ऐकलेल्या संपादकाला त्या कोऱ्या जागेचा अर्थ वाचकांना उलगडून सांगावा लागेल, असे वाटले नसावे.

प्रभाष जोशी पुढे दिल्लीला गेले आणि १९८३ मध्ये निघालेल्या ‘जनसत्ता’चे संपादक झाले. सरकारे आली आणि गेली. त्यांच्यावर ते त्वेषाने लिहीत राहिले. त्याच लेखणीने ते कुमारांच्या गाण्यावरही लिहीत, आणि राजकारणासाठी अंक उघडणारा वाचक तेही वाचून मगच पान उलटी.